लाईट संपली, फाईल बंद झाली, दातांचे काय?



या पत्रिकेत आपण भाव, वीज, कर्ज आणि पाणी यांवर लिहितो. आज मी दातांवर लिहिणार आहे. मेळाव्याच्या गडबडीत हा विषय कुठून काढला, असे काहींना वाटेल. वाटू द्या. पण वाचून झाल्यावर आपापल्या गावातली घरे डोळ्यांसमोर आणा. तोंडाचा कॅन्सर कोणालाच झाला नाही, असे गाव आता शोधावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघाले. घसा आणि स्वरयंत्राचे रुग्ण यात धरलेले नाहीत. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळजवळ दर चौथा माणूस तंबाखू चघळणारा किंवा मिश्री लावणारा निघाला. हा आजार आपल्या बांधावरचा आहे. त्याच्या उपचारांचा हिशेबही आपणच मागितला पाहिजे.

उपचारांतले ऑपरेशन सगळ्यांना दिसते. त्यानंतरचे रेडिएशन, ज्याला आपण गावाकडे 'लाईट देणे' म्हणतो, तेही माहीत झाले आहे. पण लाईट संपल्यावर वर्षा-दोन वर्षांनी काय होते, ते कोणी सांगत नाही. ते मी घरात पाहिले आहे.

दादाची गोष्ट

माझा थोरला भाऊ यवतमाळ जिल्ह्यात सात एकर कोरडवाहू करतो. २०१९ च्या सुरुवातीला त्याच्या उजव्या गालाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. मग ३० लाईट दिल्या, आठवड्याला पाच, सहा आठवडे. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर तो घरी आला. कार्डावर लिहिले होते: तंबाखू बंद, तीन महिन्यांनी दाखवणे. दादाने तंबाखू सोडली. दर तीन महिन्यांनी तो दाखवायला गेला. डॉक्टर मान चाचपायचे, गाठ नाही ना ते बघायचे आणि म्हणायचे, "काका, सगळे छान आहे." ते खोटे बोलत नव्हते. गाठ खरोखरच नव्हती.

चौदाव्या महिन्यात भाकरी खाताना दादाचा खालचा दात हिरडीपाशी कांडीसारखा तुटला. दुखले नाही, रक्त आले नाही. मग दुसरा तुटला. पुढच्या फेब्रुवारीत दाढा ठणकायला लागल्या, म्हणून तो तालुक्याच्या दाताच्या डॉक्टरकडे गेला. "कॅन्सर झाला होता, आता बरा आहे," एवढे त्याने सांगितले. लाईट घेतली होती का, किती, कोणत्या बाजूला, हे त्यांनी विचारले नाही आणि दादाला सांगायचे सुचले नाही. डॉक्टरांनी उजवीकडच्या दोन दाढा काढल्या. रोजच्या रुग्णाच्या काढतात तशाच, आणि चांगल्या हाताने काढल्या.

ती जखम भरलीच नाही. जूनपर्यंत हिरडीतून पिवळट हाड दिसू लागले. तोंडाला वास यायचा. घरातली पोरे शेजारी जेवायला बसेनात. २०२२ मध्ये एक दिवस जांभई देताना जबडा मोडला. मग पुन्हा मोठे दवाखाने, पुन्हा भूल. उजवीकडचा खालचा जबडा काढावा लागला आणि पायाचे हाड घेऊन तिथे बसवले. दोन एकर गेले. कॅन्सरने घेतले नव्हते तेवढे दादाकडून दोन दाढांनी घेतले. आज तो वरणात कुस्करलेला भात आणि कण्या खातो.

यात गुन्हेगार कोण? ऑपरेशनवाल्याने ऑपरेशन चांगले केले. लाईटवाल्याने कॅन्सर जाळला. दाताच्या डॉक्टरने दाढ नीट काढली. तिघांनी आपापले काम केले आणि माणसाचा जबडा गेला. जिथे तिघांच्या कामाची हद्द संपते, तिथे कोणीच उभे नव्हते. ही रिकामी जागा ठेवणारी व्यवस्था हाच माझा आरोपी आहे.

तोंडात होते काय?

हे समजायला डॉक्टर असावे लागत नाही. शेतकऱ्याला तर लगेच समजेल.

आपल्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली तिच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. लाळ फक्त घास ओला करत नाही. ती तोंडातले आम्ल मारते, जंतूंना आवरते आणि दाताच्या झिजलेल्या पृष्ठभागावर कॅल्शियम, फॉस्फेट परत भरते. म्हणजे दाताला पाणीही तीच देते आणि खतही.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला साधारण ६० ते ७० ग्रे इतके किरण देतात. ग्रे हे त्याचे माप. रोज २ ग्रे, असे सहा-सात आठवडे. या ग्रंथी किरणांना फार हळव्या असतात. पहिल्याच आठवड्यात लाळ निम्म्यावर येऊ शकते. ग्रंथीला फार मात्रा बसली तर ती पुढे नीट भरून येतच नाही. ओलित तुटलेल्या वावरासारखे तोंड होते. लाळ चिकट होते, सुका घास उतरत नाही. माणूस गोड चहा, बिस्किटे, मऊ आणि चिकट पदार्थांवर येतो. तिथे कीड फोफावते. ही कीड साध्या किडीसारखी दाढेच्या खळग्यात बसत नाही. ती दाताच्या मानेला, हिरडीलगत, चारी बाजूंनी पोखरते. बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. कळते तेव्हा दात तुटलेला असतो.

दुसरी गोष्ट हाडाची. किरणांमुळे जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. १९८३ साली अमेरिकेतले शल्यतज्ज्ञ रॉबर्ट मार्क्स यांनी मांडले की असे हाड कमी रक्ताचे, कमी पेशींचे आणि कमी प्राणवायूचे होते. रोज वापरले तर ते तग धरते. पण जखम झाली तर भरून काढायची ताकद त्याच्यात नसते. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच वरच्याहून कमी, म्हणून तिथे धोका जास्त. दात उपटणे ही हाडाला झालेली जखमच आहे. ती भरली नाही, हाड उघडे पडले आणि तीन-तीन महिने तसेच राहिले, की त्याला हाड मेले म्हणतात. प्रत्येकाचे असे होत नाही. लाईट घेतलेल्या जबड्यातले दात काढल्यावर साधारण शंभरात सात जणांचे होते, असे अनेक अभ्यास एकत्र करून दिसले आहे. पण ज्याचे होते त्याचे घर बसते. आणि मुख्य म्हणजे हा धोका पाच वर्षांनी संपत नाही, दहा वर्षांनीही संपत नाही. तो जन्मभराचा आहे.

तीन सबबी

हे सगळे टाळता येते का? बरेचसे येते. लाईट सुरू होण्यापूर्वी दात तपासायचे, पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायचा. जे दात वाचणार नाहीत ते आधीच, शक्यतो दोन आठवडे अगोदर काढायचे, म्हणजे जिवंत हाडात जखम भरते. जे वाचतात ते भरायचे. पुढे जन्मभर फ्लोराईड आणि तपासणी. हे काही नवे संशोधन नव्हे. दंतवैद्यकाच्या पुस्तकांत ते दशकानुदशके छापलेले आहे आणि २०२४ साली कॅन्सरतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून पुन्हा तेच सांगितले. मग होत का नाही? विचारले की तीन सबबी ऐकू येतात.

पहिली सबब: वेळ नसतो, कॅन्सर थांबत नाही. कॅन्सर थांबत नाही हे खरे आहे. दातांपायी उपचार लांबवावेत असे मीही म्हणत नाही. पण तुकडा तपासायला दिल्यापासून ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत रुग्ण रांगेतच बसलेला असतो. ऑपरेशन झाल्यावर लाईट साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू करायची असते, म्हणजे जखम भरायलाही काही आठवडे जातातच. शिवाय ऑपरेशनच्या भुलीतच किडके दात काढता येतात. दादाकडे असे आठवडे होते. त्या आठवड्यांत त्याचे रक्त तपासले, छातीचा एक्स-रे काढला, आधार कार्डाच्या चार झेरॉक्स घेतल्या. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाचे दात मात्र कोणी मोजले नाहीत. वेळ नव्हता असे कसे म्हणायचे? रकाना नव्हता.

दुसरी सबब: जीव वाचला ना, दातांचे काय घेऊन बसलात? हे वाक्य पोटभर जेवून आलेला माणूसच बोलू शकतो. ज्याला भाकरी चावता येत नाही त्याचे वजन उतरते. वजन उतरलेला माणूस औत धरू शकत नाही, मजुरीला जाऊ शकत नाही. तोंडाला वास येतो म्हणून तो पारावर येईनासा होतो. जीव वाचवला म्हणजे काय केले? श्वास चालू ठेवला, की माणूस त्याच्या कामावर आणि ताटावर परत आणून बसवला? पिकावरची अळी मारली म्हणून कृषी खाते टाळ्या मागत असेल आणि औषधाने पीकच जळाले असेल, तर आपण टाळ्या वाजवू का? औषध मारूच नका, असे आपण म्हणत नाही. फवारणीआधी काय जपायचे ते सांगा, एवढेच म्हणतो.

तिसरी सबब कोणी तोंडावर बोलत नाही, पण डोळ्यांत दिसते: तंबाखू खाल्ली ना, भोगा आता. तंबाखू वाईटच. ती सोडलीच पाहिजे आणि सुपारीही सोडली पाहिजे, कारण तोंड आखडायचा आजार सुपारीतून येतो. पण हिशेब करायचा तर पुरा करू. तंबाखूवरचा कर सरकारच्या तिजोरीत जातो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आपल्या मायबहिणींना भाजलेली मिश्री दात घासायला म्हणून लहानपणी हातात दिली गेली. दातांसाठी चांगली म्हणून! चूक आमची आहे तेवढी आम्ही पदरात घेतो. पण दादाचा जबडा तंबाखूने गेला नाही. तंबाखूचा कॅन्सर तर बरा झाला होता. जबडा गेला तो अर्धवट उपचाराने.

तंत्र आले, नियोजन नाही

ग्रंथी वाचवून किरण देणारे तंत्र आले आहे, आयएमआरटी म्हणतात त्याला. इंग्लंडमध्ये याची नीट तुलना झाली आणि २०११ मध्ये निकाल छापला गेला. जुन्या पद्धतीने लाईट घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांचे तोंड वर्षभरानेही फार कोरडे होते. नव्या पद्धतीत हा आकडा ३८ टक्के निघाला. मोठा फरक आहे. म्हणून विचारा: आमच्या माणसाला कोणत्या मशिनवर, कोणत्या पद्धतीने लाईट देणार? विचारणे हा उद्धटपणा नव्हे. बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतोच की.

पण ३८ म्हणजे शून्य नव्हे. महागड्या तंत्राने स्वस्त काळजीची गरज संपत नाही. मेलेल्या हाडाला दाबाच्या पेटीत बसवून प्राणवायू देण्याचा उपायही पुष्कळ गाजला. लाईट घेतलेल्या जबड्यावर काम करताना तो आधी दिला तर हाड वाचते का, हे ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तपासले. २०१९ मध्ये निकाल आला: प्राणवायू दिलेल्यांत ६.४ टक्के आणि न दिलेल्यांत ५.७ टक्के लोकांचे हाड उघडे पडले. म्हणजे फरक नाही. हाड गेल्यावर विकत आणायचा जादूचा उपाय अजून तरी नाही. जे काही आहे ते आधी आहे.

आणि हे 'आधी' स्वस्त आहे. एक तपासणी, एक एक्स-रे, दोन-चार दात काढणे-भरणे, दातांच्या मापाचा प्लास्टिकचा साचा आणि फ्लोराईडची ट्यूब. दुसऱ्या बाजूला जबडा काढणे, पायाचे हाड बसवणे, महिनाभर दवाखाना, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि विकलेले दोन एकर. कोणत्याही अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो कोणता खर्च करील?

सरकारचे उत्तर उलटे आहे. राज्याची आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले. २०२३ मध्ये कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत मर्यादा वाढवायचे ठरले. ऑपरेशन आणि लाईट तिच्यातून होतात; दादाचीही झाली. त्याबद्दल तक्रार नाही. पण योजना बांधली आहे ती दवाखान्यात होणाऱ्या मोठ्या उपचारांच्या पॅकेजांभोवती. रोज घरी लावायचे फ्लोराईड आणि दर तीन महिन्यांनी दात दाखवणे या गोष्टी त्या साच्यात बसत नाहीत. ज्याने लाखाचे नुकसान टळते तो खर्च रुग्णाच्या खिशातून.

फ्लोराईड म्हटले की आपण दचकतो

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या भावांना फ्लोराईड म्हटले की हातपंपाचे पाणी आठवते. त्या पाण्याने पोरांचे दात डागाळले, म्हाताऱ्यांची हाडे आखडली. ही भीती खोटी नाही. पण फरक समजून घ्या. ते फ्लोराईड वर्षानुवर्षे पोटात जाते. हे दातावर लावून थुंकायचे आहे. लाळेने करायचे काम ते वरून थोडे करते. बाजारातल्या साध्या पेस्टमध्ये फ्लोराईड १००० पीपीएमच्या आत असते. कोरड्या तोंडाला ते पुरत नाही. डॉक्टर लिहून देतात ते जेल साधारण ५००० पीपीएमचे असते. साच्यात भरून रोज पाच-दहा मिनिटे दातांवर ठेवायचे, थुंकायचे आणि अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. पोरांच्या हाताला लागू द्यायचे नाही.

सरकारची वाट न पाहता

ज्याच्या घरी लाईट घेतलेला माणूस आहे त्याने हे पाठच करावे.

लाईट सुरू होण्यापूर्वी "दात तपासल्याशिवाय सुरू करू नका" असे डॉक्टरांना नम्रपणे, पण स्पष्ट सांगा. "सगळेच दात काढून टाका" असे कोणी म्हटले तर का, ते विचारा. चांगले दात ठेवायचे असतात.

लाईट झाल्यावर मऊ ब्रशने दोनदा दात घासा. मिश्री, राख, कोळसा बंद. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा टाकून दिवसातून अनेकदा चूळ भरा. पाण्याची बाटली सोबत ठेवा. दिवसभर घोट-घोट गोड चहा घेणे सोडा.

तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करा. उभी तीन बोटे दातांत बसली पाहिजेत. बसत नसतील तर आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून, हळूहळू एकेक वाढवत जबडा मोकळा करायला डॉक्टर शिकवतात. तोंडच उघडले नाही तर दात घासणार कसे आणि तपासणार कोण?

आणि सर्वांत महत्त्वाचे: लाईट घेतलेल्या जबड्यातला दात, दहा वर्षे झाली असली तरी, ज्याने लाईट दिली त्याला विचारल्याशिवाय काढू देऊ नका. पुष्कळदा रूट कॅनॉल करून, वरचा भाग कापून मूळ तसेच ठेवता येते. हाडाला जखम होत नाही. टोचणारी, घासणारी कवळीही चालवून घेऊ नका. बाजारात चिमटा घेऊन बसणाऱ्याकडे तर जाऊच नका. हिरडीतून हाड दिसले तर 'भरेल आपोआप' म्हणत बसू नका, त्याच आठवड्यात मोठा दवाखाना गाठा.

ठराव

या मेळाव्यात पुढील ठराव मांडायचा आहे.

१. तोंड, घसा, मान यांच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या फाईलला दंततपासणीची चिठ्ठी लागल्याशिवाय लाईट सुरू करू नये. तातडीमुळे सूट दिली तर कारण फाईलवर लिहावे.

२. लाईटच्या पॅकेजमध्येच दंततपासणी, एक्स-रे, दात काढणे-भरणे, साचा आणि पुढची फ्लोराईडची सोय धरावी.

३. सुट्टी देताना प्रत्येक रुग्णाला मराठीत छापलेले कार्ड द्यावे: लाईट कधी घेतली, कोणत्या बाजूला, किती ग्रे आणि 'दात काढण्यापूर्वी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा' ही ओळ ठळक अक्षरांत.

४. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात अशा रुग्णांची नोंदवही ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी. त्यासाठी मुंबई, नागपूर, संभाजीनगरला खेपा घालायला लावू नयेत.

५. दाढ काढण्यापूर्वी "मानेला-तोंडाला लाईट घेतली होती का?" हा प्रश्न तालुक्याच्या प्रत्येक दंतवैद्याने विचारावा, अशी सूचना आरोग्य खात्याने काढावी.

यातली एकही मागणी तिजोरी रिकामी करणारी नाही. तिसऱ्या मागणीला तर कागद आणि शाई एवढेच लागते. तेही होणार नसेल, तर पैसा नाही म्हणून होत नाही असे कोणी सांगू नये.

ठरावावर हात वर करून घरी जाऊ नका. गावात लाईट घेतलेले जे कोणी असतील त्यांच्या घरी या आठवड्यात जा. "बरा आहेस ना?" एवढे विचारून उठू नका. "तोंड उघड, दाखव," म्हणा. आमच्या घरी हे विचारायला कोणी आले नाही. मीही विचारले नाही. मी कार्यकर्ता, चार तालुके फिरणारा. माझ्याच चुलीशी बसून दादा भाकरी चहात बुडवून खात होता आणि मला वाटले, म्हातारा झाला.